कोऱ्या कॅसेटचा खण

दम्मामच्या कॅम्पात पाऊल टाकलं त्या दुपारी मला लागली होती तहान आणि मिळाली पायजम्याची नाडी. हमीदभाईंची आणि माझी ओळख ही अशी झाली.

झालं असं, की बसमधून उतरवून आम्हा नव्या माणसांना मेसच्या हॉलमध्ये बसवलं होतं. जूनचा महिना, छपराचे पत्रे तडतडत होते. हॉलच्या कोपऱ्यात माणसाहून उंच असं एक मशीन गुरगुरत उभं होतं. पुढं काच आणि काचेवर थंडगार बाटलीचं विटलेलं चित्र. मी गुहागरकडचा, असलं मशीन जन्मात पाहिलेलं नाही; पण नाणं टाकलं की वस्तू मिळते एवढं ऐकून होतो. खिशात ऑफिसातून हातखर्चाला दिलेली हलालाची, म्हणजे तिथल्या पैशांची, नाणी होती. एक टाकलं, बटण दाबलं. आतलं पिंप घर्रकन फिरलं आणि एक छोटं दार समोर येऊन थांबलं. ते सरकवून हात घातला, तर हातात नाडी! चांगली पांढरी, नीट गुंडाळी केलेली.

मी ती धरून खुळ्यासारखा उभा. मागून कोणीतरी मराठीत म्हणालं, "नशीबवान हायस बाबा. पयल्याच दिवशी नाडी. हितं नाडी तुटली म्हणजे काय होतं ते तुला अजून ठाऊक नाय."

वळून पाहिलं तर पंचेचाळिशीचा एक काटकुळा माणूस, अंगात गंजीफ्रॉक, त्याला हात पुसून पुसून पोटावर काळा पट्टा उमटलेला. कानामागं पेन्सिल. दाढी पिकलेली, मिशी साफ. हातातल्या थर्मासमधलं पाणी त्यांनी झाकणात ओतून माझ्यापुढं केलं. "हे फुकट. त्या चित्राला भुलू नको. ते थंड करणारं मशीन नाय, गरजेचं मशीन हाय."

हे हमीदभाई. कॅम्पाचे एसी मेकॅनिक. दाभोळच्या खाडीपलीकडचं गाव त्यांचं, म्हणजे माझ्या गावाहून तरीत बसलं की पंधरा मिनिटं. इतक्या लांब येऊन पहिला माणूस भेटला तो पलीकडच्या काठावरचा. मला तर गळ्यात पडावंसं वाटलं, पण हातात नाडी होती.

मशीनची हकिगत अशी. आमच्या आधी त्या कॅम्पात दुसरी एक कंपनी होती. तिचं काम संपलं, साहेब लोक गेले आणि जाताना हे मशीन मागं टाकून गेले. त्यात म्हणे सँडविच, केक, फळांचे तुकडे असायचे. आत एक उभं पिंप, पिंपाला सगळीकडून खण, खणाला काचेचं दार. बटण दाबून पिंप फिरवायचं, हवा तो खण समोर आणायचा, नाणं टाकायचं. माझ्यासारखा आधी नाणं टाकून मग बटण दाबणारा असला तर जे समोर येईल ते. आता त्यात भरायला सँडविच कोण आणणार? मशीन भंगारात चाललं होतं. हमीदभाईंनी ते मागून घेतलं, चार शुक्रवार त्यात डोकं घालून बसले आणि चालू केलं. भरलं काय, तर सुई-दोरा, शर्टाची बटणं, दाढीची पाती, बाम, हवाई पत्रं, आमसुलं, सुकट आणि नाड्या. शहरात जायला गाडी आठवड्यातून एकदा मिळायची, तीही वशिला असला तर. शर्टाचं बटण तुटलं म्हणून कोणी दम्मामच्या बाजारात जात नाही. पण बायको नसलेल्या तीनशे माणसांची बटणं रोजच तुटत असतात.

मशीन, एसी, पंखा, काहीही दुरुस्त झालं की हमीदभाई त्यावर कान ठेवायचे आणि म्हणायचे, "हां... फिरतंय. बोला आता." मग उठून चालू पडायचे. मला वाटायचं, मेकॅनिक लोकांची बोलायची पद्धत असेल.

आमचा कॅम्प बॉस लेबनॉनचा. धिप्पाड, चिडका, सतत "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, चला, करणारा. एक दिवस तो मेसमध्ये आला, मशीन पाहिलं आणि आतल्या पुडीत काहीतरी गुलाबीसर, खाण्यासारखं दिसलं म्हणून त्यानं नाणं टाकलं. पुडी फोडून मूठभर तोंडात टाकली. ती होती सुकट. कच्ची! त्यानंतर त्याच्या तोंडून जे अरबी बाहेर पडलं त्यातला मला एकच शब्द कळला, "खलास!" संध्याकाळच्या आत मशीन हलवा, नाहीतर तुम्ही हला.

मशीन हलवायला आम्ही सहाजण लागलो, ते दारात अडकलं, आणि तेवढ्यात कॅम्प बॉस पुन्हा पळत आला. पँट दोन्ही हातांनी धरलेली. मोठे साहेब गेटावर पोचले होते आणि याच्या पँटीचं बटण उडालं होतं. हमीदभाईंनी अडकलेल्या मशीनमध्येच हात घातला, बटण काढलं, सुई ओवली आणि गुडघ्यावर बसून त्या धिप्पाड माणसाच्या कमरेला बटण शिवलं. दातानं दोरा तोडताना म्हणाले, "हलू नका, मुदीरसाहेब. टोचंल." मशीन परत कोपऱ्यात गेलं. फक्त सुकटीच्या खणावर अरबीत, इंग्रजीत आणि मराठीत लिहावं लागलं की हे शिजवून खायचं असतं.

हसवायचे ते असं, पण स्वतः हसलेले मी पाहिले नाहीत. ताट घेऊन भिंतीकडच्या शेवटच्या टेबलावर बसायचे आणि समोरची खुर्ची रिकामी ठेवायचे. कोणी बसायला गेलंच तर नाही म्हणायचे नाहीत, पण लवकर उठायचे. दर वर्षी रजा मिळायची आणि दर वर्षी ते ती पुढं ढकलायचे. विचारलं की म्हणायचे, "जाईन की. घाई काय हाय?" मी मनात म्हणायचो, काय माणूस आहे! आम्ही रजेचे दिवस भिंतीवर रेघा मारून मोजतो, आणि याला घाई नाही.

आता त्या मशीनच्या सगळ्यात खालच्या खणांबद्दल सांगतो. तिथं कोऱ्या कॅसेट असायच्या. दोन नाण्यांना एक. बाजारात त्या किमतीला कॅसेटची रिकामी डबीसुद्धा मिळाली नसती. पदरचं घालून कशाला विकतात, हे कोडं मला तीन-चार महिने होतं.

तेव्हाची पद्धत नव्या लोकांना ठाऊक नसेल. फोन लावायचा म्हणजे शहरात जाऊन रांगेत उभं राहायचं, आणि गावात फोन होताच कुठं? पत्र लिहायला सगळ्यांना येत नव्हतं. म्हणून कॅसेट भरायच्या. बायको, आई, पोरं तिकडं टेपरेकॉर्डरपुढं बसून बोलायची, रजेवरून परत येणाऱ्या माणसाबरोबर कॅसेट इकडं यायची. ती ऐकायची, पुन्हा ऐकायची, आणि मग त्याच कॅसेटवर आपलं उत्तर भरून रजेवर जाणाऱ्याच्या हातात द्यायची. एकच कॅसेट वर्षानुवर्षं खाडीपासून दम्मामपर्यंत येरझाऱ्या घालायची. नवी कशाला घ्यायची? चांगली आहे की ही! आपण कोकणातली माणसं. लग्नातल्या पत्रिकेच्या मागं हिशोब लिहिणारी.

मीही तेच करायला निघालो होतो. शुक्रवारी सकाळी आईची पहिली कॅसेट घेऊन मेसमध्ये बसलो, टेप मांडला, घसा खाकरला आणि लाल बटण दाबायला बोट नेलं. तोच कोणीतरी माझं मनगट असं पकडलं की हाडं कडाडली.

"काय करतोस?"

"उत्तर भरतोय, हमीदभाई."

"कशावर?"

"आईच्या कॅसेटवर. ऐकून झाली माझी."

"ऐकून झाली?" हमीदभाईंचा आवाज इतका चढला की जेवणारे थांबले. "आईचं बोलणं ऐकून झालं तुझं? मेल्या, उद्या ती गेली तर काय ऐकशील? तुझं तूच?"

मला राग आला. भर मेसमध्ये माझ्या आईच्या मरणाचं बोलायचं म्हणजे काय! मी उठून उभा राहिलो. पण ते खाली बसले होते. कॅसेट उचलून त्यांनी तिची पाठ माझ्यापुढं धरली. पाठीवर कोपऱ्यांत दोन बारीक दात असतात. कानामागच्या पेन्सिलीचं टोक लावून त्यांनी ते कट्‌कट् मोडले. "आता लाल बटण खाली जायाचं नाय. आता तुझी आई कोणी पुसायचा नाय." मग मशीनमधून एक कोरी कॅसेट काढून माझ्यापुढं ठेवली. "ह्याच्यावर बोल."

त्या दुपारी एसीच्या खोलीमागं सावलीत बसून त्यांनी मला सांगितलं. पहिल्या रजेला त्यांनी घरी टेपरेकॉर्डर नेला होता. खाडीच्या दोन्ही काठांवर तेव्हा तो एकच. त्यांची बायको हलीमा तो चालवायला शिकली. मग काय, ज्यांचे ज्यांचे नवरे, मुलगे बाहेर, त्या सगळ्या बायका तिच्याकडं यायला लागल्या. तरीत बसून पलीकडच्या हिंदूवाडीतल्यासुद्धा. ही बटण दाबायची, त्यांना धीर द्यायची, कॅसेट कापडात शिवून वर पत्ता लिहायची. सातवी शिकलेली होती. हमीदभाईंना मूलबाळ नव्हतं, घरात ती एकटी. तिचा वेळ बरा जायचा.

"आणि मी काय केलं ठाऊक हाय?" हमीदभाई म्हणाले. "तिची कॅसेट आली. ऐकली. आणि त्याच्यावरच भरलं, गावभरच्या बायका कशाला गोळा करतेस, सेल फुकट जातात. अर्धा तास तेच. दिली पाठवून. ती पोचायच्या आधी कावीळ झाली न् गेली. मला तार मिळाली आठ दिवसांनी. माती देऊन झालेली. जाऊन काय करू? घरी माझीच कॅसेट आलेली, माझाच आवाज, तिला बोलणारा. तिचा मी पुसून टाकलेला."

मी त्यांच्याच थर्मासमधलं पाणी झाकणात ओतून त्यांच्यापुढं केलं.

"आता मला ना, तिचा आवाज आठवत नाय रे," ते म्हणाले. "तोंड आठवतं. हात आठवतात. बोललेलं सगळं आठवतं, पण ते माझ्या आवाजात आठवतं."

इतकी वर्षं झाली, पण त्यांचं हे वाक्य मी विसरलो नाही. परदेशातली माणसं रडतात ती पैशासाठी, आजारासाठी, अपमानासाठी. हा माणूस एका आवाजासाठी उपाशी होता आणि आमची बटणं शिवत बसला होता.

त्यांनी शोधायचं म्हणून शोधलं होतं. खाडीकडच्या एकेका माणसाला विचारलं, तुझ्या कॅसेटीत सुरुवातीला माझी घरवाली बोलली असंल बघ. असायचीच ती. सगळ्यांच्याच कॅसेटीत होती. आणि सगळ्यांनीच पुसली होती, उत्तरं भरभरून. तेव्हापासून मशीनच्या तळाला कोऱ्या कॅसेट आल्या. आलेली पुसू नका, नवी घ्या. कारण मात्र कोणाला सांगायचं नाही. लोक म्हणायचे, हमीदभाईला कॅसेट स्वस्तात मिळत असतील.

मी कॅम्पाच्या स्टोअरमध्ये क्लार्क होतो. पुढच्या उन्हाळ्यात रॅक बदलायचे ठरले, जुनं सामान खाली उतरवलं. एका खोक्यात न पोचलेलं टपाल निघालं. कोणी काम सोडून गेलेलं, कोणाची बदली झालेली. माझ्या आधीच्या क्लार्कनं सगळं कोंबून वर टाकून दिलं होतं. तळाशी एक पुडकं. पांढऱ्या कापडात शिवलेलं, आत कॅसेट आहे हे हाताला कळत होतं. वर ठसठशीत मराठी अक्षरांत: गणपत शिगवण, गवंडी, कंपनी कॅम्प, दम्माम. गणपत आमच्याच बाजूचा; त्याची दोन वर्षांपूर्वी रियाधजवळ अल सुलैच्या यार्डात बदली झालेली.

हमीदभाई तेव्हा स्टोअरच्या एसीवर चढले होते. मी खालून म्हटलं, "अहो, गणपतच्या बायकोची कॅसेट बघा, इथंच पडून राहिली."

ते शिडीवरून उतरले. पुडकं हातात घेतलं, उजेडाकडं धरलं, आणि तसेच जमिनीवर बसले.

"हे अक्षर तिचं हाय," म्हणाले.

टेबलावर माझा टेप होता. कात्री होती. मी कात्री उचलली. "हमीदभाई, उसवू? लगेच कळेल."

"ठेव ती खाली."

"अहो, पण..."

"ठेव म्हणतो ना! दुसऱ्याच्या बायकोचं बोलणं हाय ते. ती नवऱ्याशी बोललीय, तुझ्यामाझ्याशी नाय."

"फक्त सुरुवात ऐकू. दोन शब्द. कोणाला कळणार आहे?"

"हलीमाला कळंल," ते म्हणाले. पुडकं त्यांनी गंजीफ्रॉकच्या आत, पोटाशी ठेवलं.

कॅम्पाबाहेर दुसऱ्या शहरात जायचं तर इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, आणि वर कंपनीचं पत्र लागायचं. पत्रावर सही कॅम्प बॉसची. आम्ही दोघं त्याच्यापुढं उभे राहिलो. मी इंग्रजीत काहीतरी बनवून सांगायला लागलो, यार्डातले एसी बिघडलेत वगैरे. हमीदभाईंनी मला थांबवलं आणि मोडक्यातोडक्या अरबीत खरं तेच सांगितलं. कॅम्प बॉस ऐकत राहिला. आपल्या पँटीच्या त्या बटणाशी चाळा करत होता, मी पाहिलं. मग सही करून कागद पुढं लोटला आणि म्हणाला, "यल्ला." पण त्या दिवशी तो शब्द त्यानं हळू म्हटला.

गुरुवारी सकाळी मालाच्या ट्रकात बसून निघालो. चार-पाच तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना वाळू. हमीदभाई सबंध वाटेत एकदाच बोलले. "सदा, तीच नसली तर? भरताना ती बोललीच नसली तर?" मी म्हटलं, "असेल हो." मला काय ठाऊक? पण म्हटलं.

अल सुलैच्या यार्डात गणपत दुपारचा भात कालवत होता. आम्हाला बघून आधी घाबरला. घरचं काही वाईट तर नाही? पुडकं पाहिलं तसा त्याचा हातच थांबला. "म्हंजे शेवंतीनं धाडली होती! आणि मी तिला नाय नाय ते बोललो वो. खोटं बोलतेस म्हटलं." शिवण त्यानं दातानं उसवली.

हमीदभाईंनी त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाले, "पयलं तू ऐक. एकटा ऐक. आम्ही भायेर थांबतो. सुरुवातीला कोण बोललं असंल तर मग मला तेवढंच ऐकव. नाय म्हणालास तरी राग नाय."

"तुमी बसा वो हमीदभाय," गणपतनं त्यांना हाताला धरून खाटेवर बसवलं आणि कॅसेट लावली.

खरखर झाली. मग कुठंतरी कोंबडा ओरडला. भांडं वाजलं. आणि अगदी जवळून, तोंडात हसू दाबून ठेवल्यासारखा एका बाईचा आवाज आला:

"हां... फिरतंय. बोल गो आता. घाबरतेस काय? तो काय हितून ऐकतोय?"

त्यापाठोपाठ दुसरी बाई "अवो" म्हणाली, आणि हमीदभाई ताडकन उठून खोलीबाहेर गेले. पुढचं त्यांचं नव्हतं ना! बाहेर उन्हात सिमेंटच्या गोण्यांना टेकून उभे राहिले. मी शेजारी जाऊन थांबलो. त्यांची दाढी ओली झाली होती, पुसत नव्हते.

"तुम्ही नेहमी म्हणता ते, फिरतंय बोला..." मी म्हटलं.

"माझं कुठं? तिचंच ते," म्हणाले.

अर्ध्या तासानं गणपत डोळे पुसत बाहेर आला. "हमीदभाय, शेवटाला पण हाय. या."

शेवटाला एवढंच होतं: "पुरे गो, पट्टी सरली. बस, चा ठेवते." आणि खट्.

गणपत कॅसेटच देऊन टाकायला निघाला होता. हमीदभाई ऐकेनात. त्यांनी खिशातून कोरी कॅसेट काढली. आपल्याच मशीनमध्ये दोन नाणी टाकून घेतलेली. शेजारच्या खोलीतल्या मल्याळी ड्रायव्हरनं आपला टेप आणला. दोन टेप खाटेवर तोंडाला तोंड लावून ठेवले. एसीचा आवाज येईल म्हणून एसी बंद केला. त्या उकाड्यात, गणपतच्या खोलीतले आणखी दोघे धरून, आम्ही सहाजण श्वास रोखून उभे. ड्रायव्हरला शिंक येत होती, त्यानं नाक दाबून धरलं. इकडं गणपतचं बोट, तिकडं हमीदभाईंचं. हलीमा बोलली. हमीदभाईंनी थांबवायचं बटण दाबलं. मग शेवटचा तुकडा. तोही आला.

वाजवून पाहिलं आणि हमीदभाईंचा चेहरा पडला. बटण दाबायला पाव क्षण उशीर झाला होता. "गणपत, तुझ्या बायकोचा एक शब्द आला रे माझ्यात. 'अवो' आलं. चालंल काय तुला? नायतर पुसून परत भरतो."

गणपतनं मान हलवली आणि हमीदभाईंच्या हातातली कॅसेट घेऊन तिचे दोन्ही दात त्यानंच मोडले.

आता हमीदभाई रोज ती ऐकत बसतील असं मला वाटलं होतं. छे! कॅम्पात परत आल्यावर त्यांनी ती मशीनच्या सगळ्यात वरच्या खणात ठेवली आणि त्या खणाचं दार आतून खिळा मारून पक्कं केलं. नाणं टाकलं तरी उघडायचं नाही. नाडी घ्यायला, बाम घ्यायला कोणी पिंप फिरवलं, की ती कॅसेट काचेमागून सगळ्यांच्या समोरून जायची.

"पेटीत ठेवली तर सारखी वाजवीन," ते म्हणाले. "वाजवली की पट्टी झिजते. हितं दिसती तरी." वर्षातून दोनदा, दोन्ही ईदेला, नमाजाहून आले की मशीन मागून उघडायचे, दार लावून एकदा ऐकायचे, परत ठेवायचे. एरवी जेवताना आता मशीनकडं तोंड करून बसायचे. समोरची खुर्ची रिकामीच. रजा मात्र घेतली नाही ती नाहीच.

चार वर्षांनी मी कायमचा निघालो. शेवटच्या दिवशी दुपारी मशीनपुढं उभा राहिलो आणि दोन नाणी टाकून एक कॅसेट घेतली. हमीदभाई म्हणाले, "आता तुला कशाला? तू तर घरीच चाललास."

"यात तुमचा आवाज भरून द्या."

"माझा?" ते खरोखरच गोंधळले. "मी काय बोलू?"

"काहीही बोला. नाडीबद्दल बोला."

त्यांनी कॅसेट हातात फिरवली. किती वर्षांत त्यांनी स्वतः एकही कॅसेट भरली नव्हती, कोणाला पाठवणार? "जा, ट्रंक बांध. तासाभरानं ये," म्हणाले.

तासाभरानं गेलो तर त्यांनी ती पांढऱ्या कापडात शिवून, वर माझं नाव आणि गावाचा पत्ता पेन्सिलीनं लिहून ठेवली होती. "घरी जाऊन ऐक. आईला सलाम सांग." मी वाकायला गेलो तर मागं सरकले. बस सुटताना मेसच्या उघड्या दारातून ते दिसले. मशीनच्या पाठीशी उकिडवे बसून खण भरत होते. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तेव्हा न वळताच त्यांनी हात वर केला. हातात नाड्यांचं भेंडोळं होतं.

गावी पोचलो, दुसऱ्या दिवशी ओटीवर टेप मांडला. आई शेजारी येऊन बसली. खरखर झाली, मशीनची घरघर ऐकू आली, आणि हमीदभाईंचा आवाज आला.

"हां... फिरतंय. बोल गो आता."

बस्स. पुढं काही नाही. मशीन गुरगुरतंय, मेसमध्ये लांब कुठंतरी ताटं वाजतायत, मध्येच एकदा हमीदभाई खोकतायत. आणखी काही नाही. मी वाट बघत राहिलो. अर्धा तास ते टेपपुढं तसेच बसलेले होते. पट्टी संपता संपता मात्र पुन्हा बोलले, अगदी हळू:

"पट्टी सरली. बस, चा ठेवतो."

आईनं माझ्याकडं पाहिलं. "अरे, यात तर काहीच नाही. कोरीच आहे म्हणायची. ठेव, शेजारच्या तात्यांकडचं भजन भरून घेऊ."

मी उठून स्वयंपाकघरातला चिमटा आणला आणि तिचे दोन्ही दात मोडले.